गुठळी गेली तरी पाय जपावा लागतो

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या विषयपत्रिकेत कापूस आहे, ज्वारी आहे, वीज आहे, कर्ज आहे. त्यात 'पायाचे दुखणे' हा विषय कशासाठी घातला, असे सकाळपासून अनेकांनी आम्हाला विचारले. उत्तर सोपे आहे. कोरडवाहू शेतीचा सगळा डोलारा माणसाच्या दोन पायांवर उभा आहे. पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत आपण चालतो, वाकतो, उकिडवे बसतो, तासन् तास उभे राहतो. बैल लंगडला तर आपण त्याला त्याच दिवशी औताचा सोडतो आणि गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. घरातल्या बाईचा पाय मात्र दोन-दोन वर्षे सुजलेला असतो आणि तिच्या हातात आपण खुरपे देतो. बैलाला लावतो तो न्याय माणसाला लावत नाही. म्हणून हा विषय.

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही शिकलो ते शेतीशास्त्र. कोणते औषध किती घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. पण गावोगावच्या बैठकांत जे पाय आम्ही पाहिले, त्यांच्याविषयी जाणकार डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते शेतकऱ्याच्या भाषेत मांडणे हे आमचे काम आहे.

पायातला पंप

ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांना पंपाच्या फूटवॉलची गोष्ट सांगायला नको. पाइपाच्या तळाशी ती झडप असते. पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. फूटवॉलमध्ये कचरा अडकला की वर चढलेले पाणी परत विहिरीत उतरते, आणि मग मोटर कितीही चालवा, पाइपातून नुसती हवा येते.

आपल्या पायात हीच रचना आहे. हृदय रक्त खाली पायापर्यंत पोचवते. ते परत वर नेण्याचे काम पोटरी करते. पाऊल टाकले की पोटरीचा स्नायू आवळतो, खोलवरची शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकलले जाते. ते परत खाली घसरू नये म्हणून शिरेत ठिकठिकाणी झडपा आहेत. स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. तोच माणूस चालू लागला की हा दाब ३० च्या खाली येतो. पंप चांगला असल्याची ही खूण.

आता या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असे समजा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याला 'डीव्हीटी' म्हणतात. रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने १८५६ मध्येच या विषयाचा पाया घातला. त्यातून पुढे तीन कारणे मानली गेली. रक्त एका जागी साचून राहणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्त लवकर गोठण्याकडे कल असणे. आपल्या घरात ही कारणे कुठे भेटतात? मांडीचे हाड मोडून महिनाभर खाटेवर पडलेला म्हातारा. मोठे ऑपरेशन झालेला माणूस. कर्करोगाचा रुग्ण. सिकलसेलचा आजार असलेला तरुण, आणि तो आजार विदर्भात कमी नाही. आणि बाळंतीण. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका सर्वात जास्त असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही घरांत बाळंतिणीला खाटेवरून उतरू देत नाहीत आणि पाणीही मोजून पाजतात. विसावा हवाच, पण दिवसातून चार वेळा घरातल्या घरात चालणे आणि पोटभर पाणी पिणे हेही हवे.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, पाय गरम आणि लालसर झाला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. तेल लावून चोळू नये. या पायाला मालिश करणे धोक्याचे आहे. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीव जातो. एकदम धाप लागली, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, तर उद्याची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा.

गुठळीनंतरचे दुखणे

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत आहे. पुढची माहीत नसते, आणि आज तीच सांगायची आहे.

गुठळी कालांतराने विरते किंवा शिरेत चिकटून आक्रसते. पण जाताना शिरेची भिंत जाड करून जाते आणि झडपा निकामी करून जाते. फूटवॉल बिघडलेलाच राहतो. मग चालले तरी घोट्यावरचा दाब उतरत नाही. याला डॉक्टर 'पोस्ट थ्रॉम्बॉटिक सिंड्रोम' म्हणतात. आपण गुठळीनंतरचे पायाचे दुखणे म्हणू. नीट औषध घेतलेल्या १०० रुग्णांपैकीही २० ते ५० जणांना हे दुखणे लागते, बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत. आणि ५ ते १० जणांचे दुखणे फार वाढते, काहींना घोट्यावर जखम होते.

लक्षणे ओळखायला सोपी आहेत. पाय जड वाटतो, दुखतो, पेटके येतात, मुंग्या येतात, खाज सुटते. सकाळी पाय बरा असतो आणि संध्याकाळी सुजतो. नडगीवर बोट दाबले तर खळगा पडतो. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, कातडी तपकिरी-काळी पडते, मग टणक होते. शेवटी त्याच जागी, कापसाच्या वाळल्या फांदीने ओरखडा उठावा एवढ्या कारणाने, जखम होते आणि ती भरत नाही.

पूर्व विदर्भात सुजलेला पाय दिसला की गाव म्हणते, हत्तीपाय. हत्तीपायाचा आजार त्या भागात आहे हे खरे. पण प्रत्येक सुजलेला पाय हत्तीपाय नसतो. हत्तीपायाची सूज पावलाच्या वरच्या बाजूला आणि बोटांवरही येते. शिरेच्या दुखण्यात बहुधा बोटे सुटतात आणि घोट्यावर काळेपणा येतो. हा ढोबळ फरक झाला. खात्री डॉक्टरांकडून आणि डॉप्लर सोनोग्राफीतून करून घ्यावी. हत्तीपायाच्या गोळ्या खाऊन बिघडलेल्या झडपा दुरुस्त होत नाहीत.

चिबड जमिनीला खत टाकून काय उपयोग?

घोट्यावरच्या या जखमेने आमच्या पाहण्यातली कितीतरी घरे पोखरली आहेत. मलमाच्या नळ्या, प्रतिजैविकांची इंजेक्शने, सलाइन, मग दुसरा डॉक्टर, मग जडीबुटीवाला, मग डागणे. चार-चार वर्षे हा खर्च चालतो. घरात आलेला कापूस भावाची वाट न पाहता विकावा लागतो, कारण सोमवारी दवाखान्यात जायचे असते. आणि इतके करून जखम तिथेच.

का? हे आम्हाला शेतीशास्त्रामुळे चटकन समजले. शेताचा एखादा कोपरा चिबडला, तिथे पाणी साचून राहते, मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते. अशा कोपऱ्यात तुम्ही युरिया टाका, डीएपी टाका, फवारणी करा, पीक सुधारेल का? आधी चर खणून पाण्याचा निचरा करावा लागतो. सुजलेल्या पायाची कातडी ही चिबडलेली जमीन आहे. तिथे रक्त आणि पाणी तुंबले आहे. मलम हे खत झाले. निचरा झाल्याशिवाय ते लागू पडत नाही.

पायाचा निचरा दोन गोष्टींनी होतो. पाय वर ठेवून आणि पायाला बाहेरून दाब देऊन. घोट्याजवळ घट्ट आणि गुडघ्याकडे सैल होत जाणारी पट्टी किंवा मोजे, हा या जखमेवरचा मुख्य इलाज आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी एकोणिसाव्या शतकातच जस्ताचा लेप लावलेली पट्टी या कामी वापरली. म्हणजे उपाय नवा नाही, महागही नाही. साध्या क्रेप बँडेजची पट्टी शिकलेल्या हाताने बांधली तरी काम होते. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकण्याआधी, बोटांच्या मुळापासून सुरुवात करून, टाच झाकत, गुडघ्याखालपर्यंत. रात्री काढायची. पहिल्यांदा परिचारिकेकडून शिकून घ्यावी, मग घरातल्या कोणालाही जमते.

एक खबरदारी मात्र फार महत्त्वाची. दाब देण्याआधी पायात शुद्ध रक्त नीट पोचते आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बिडी-तंबाखूवाले आणि मधुमेहवाले यांच्या पायाच्या रोहिणी आधीच अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायाला घट्ट पट्टी बांधली तर बोटे काळी पडतील. पाय थंडगार असेल, चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल, तर परस्पर पट्टी बांधू नये.

जखमेवर चुना, रुईचा चीक, राख, शेण यांतले काही लावू नये. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. भोवतालच्या कोरड्या कातडीला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे आणि खाजवू नये. महिनोन् महिने न भरणारी, कडा उचललेली जखम असेल तर तिचा तुकडा तपासायला द्यावा. क्वचित तिथे कर्करोग होतो. आणि सिकलसेलच्या रुग्णालाही घोट्यावर जखमा होतात, म्हणून ती तपासणी झालेली नसेल तर करून घ्यावी.

प्रयोगाचे प्लॉट काय सांगतात?

कृषी विद्यापीठात नवे वाण आले की आपण विचारतो, शेजारी जुन्या वाणाचा प्लॉट होता का? तुलनेशिवाय उत्पन्नाचा आकडा आपण मानत नाही. वैद्यकातही असेच असते.

गुठळी झाल्यावर लगेच दाबाचे मोजे घातले तर हे दुखणे टळते का? १९९७ मध्ये हॉलंडमधल्या १९४ रुग्णांवरच्या प्रयोगात मोज्यांमुळे दुखणे निम्म्याने कमी झालेले दिसले. पण त्यात ज्यांना मोजे नव्हते त्यांना ते ठाऊक होते. २०१४ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या आठशेहून अधिक रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना खरे मोजे दिले आणि निम्म्यांना तसेच दिसणारे, पण दाब न देणारे. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक निघाला नाही. अर्थ असा की मोजे घातले म्हणजे पुढचे दुखणे टळलेच, असे कोणी सांगितले तर मानू नका. पण ज्याचा पाय सुजतो त्याची सूज आणि जडपणा मोज्यांनी उतरतो, आणि जखमेवर तर दाब हवाच. ज्याला आराम पडतो त्याने वापरावेत. ज्याला पडत नाही त्याने त्यापायी कर्ज काढू नये.

दुसरा प्रश्न मोठ्या खर्चाचा. शिरेत नळी घालून औषधाने गुठळी विरघळवली तर? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ६९२ रुग्णांच्या प्रयोगाचा निकाल आला. नळी घातलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना पुढे दुखणे झाले आणि न घातलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांना. रक्तस्राव मात्र नळीवाल्यांत जास्त झाला. काही निवडक रुग्णांना, पाय वाचवायची वेळ आली तर, हा इलाज लागतो. पण कोणी तो सुचवला तर जमीन गहाण टाकण्याआधी 'माझ्या पायाला याची गरज का?' हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मग टाळण्याचा खात्रीचा मार्ग कोणता? त्याच पायात दुसरी गुठळी होऊ न देणे. दुसऱ्या गुठळीने उरल्यासुरल्या झडपाही जातात. आणि दुसरी गुठळी टाळते ती रक्त पातळ ठेवणारी गोळी.

गोळी मध्येच सोडू नका

ही गोळी कमीत कमी तीन महिने घ्यावी लागते, काहींना जास्त, काहींना जन्मभर. आमच्याकडे काय होते? पहिल्या महिन्यात पाय उतरतो. निंदणीचे दिवस येतात. तालुक्याला जायचे तर रोज बुडतो, गाडीभाडे लागते. बरे वाटते आहे, मग कशाला, असे म्हणून गोळी सुटते. अशी घरे आम्हाला ठाऊक आहेत. बाळंतपणात गुठळी झालेल्या सुनेची गोळी दीड महिन्यात सुटली, दुसऱ्या वर्षी त्याच पायाला पुन्हा गुठळी झाली आणि आज तिला वेचणीची एक ओळ पुरी करवत नाही. वाचलेले गाडीभाडे किती आणि गमावलेला पाय केवढ्याचा, याचा हिशेब आपला आपण मांडावा. ज्यांना ऑपरेशन, बाळंतपण, मोडलेले हाड असे कारण नसताना गुठळी झाली, अशा १०० जणांनी गोळी थांबवली तर पहिल्या वर्षात सुमारे १० जणांना गुठळी पुन्हा होते.

गोळी सुटण्याचे आणखी एक कारण कानावर येते. 'वॉर्फरिन म्हणजे उंदराचे औषध' असे कोणीतरी सांगते आणि घर घाबरते. ही गोष्ट खरी आहे, आणि ती शेतकऱ्याच्या गोठ्यातून निघालेली आहे, म्हणून पूर्ण ऐका. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतली गुरे रक्त वाहून मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचे, आपल्या लसूणघासासारखे चारापीक ओलसर राहून बुरसले की तो चारा खाऊन हे होत होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन हा शेतकरी मेलेली गाय, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरसलेला चारा घेऊन विद्यापीठाच्या दारात उभा राहिला. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षे खपून, १९३९ मध्ये, चाऱ्यातले ते द्रव्य वेगळे काढले. त्याच घराण्यातले वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. जे जास्त झाले तर मारते तेच मापात तारते. कीटकनाशकाचे माप पाळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

माप पाळायचे म्हणून आयएनआर ही रक्ताची तपासणी करायची. बहुतेकांचा आकडा २ ते ३ मध्ये ठेवतात. मेथी, पालक, चवळई, आंबाडी खायला हरकत नाही, पण रोज साधारण सारखी खावी. एक आठवडा भाजीच भाजी आणि पुढचा आठवडा नुसती चटणी-भाकर, असे केले की आकडा हलतो. अलीकडे रिव्हरोक्सॅबॅनसारख्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्या रोज वेळेवर घ्याव्याच लागतात. कोणतीही गोळी चालू असो, अंगदुखीच्या गोळ्या आणि कंबरेचे इंजेक्शन परस्पर घेऊ नये. रक्तस्राव होतो. दर वेळी डॉक्टरांना सांगावे, 'मला रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे.'

बहिणींसाठी दोन गोष्टी. वॉर्फरिन चालू असताना पाळी चुकली तर लगेच डॉक्टरांना सांगावे, कारण ते पोटातल्या बाळाला अपायकारक आहे. त्या काळात दुसरे इंजेक्शन देता येते. आणि एकदा गुठळी झालेल्या बाईने माला-एन, माला-डी या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत. पाळणा लांबवायचे दुसरे मार्ग आहेत, ते विचारून घ्यावेत.

कामाची वाटणी बदला

असा पाय असलेल्या माणसाने शेत सोडावे का? मुळीच नाही. चालणे हे या पायाचे औषध आहे, कारण चालण्याने पोटरीचा पंप चालतो. वाईट ते एका जागी उभे राहणे, तासन् तास उकिडवे बसणे आणि बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर पाय लोंबकळत ठेवणे. म्हणून खुरपणीला बसणाऱ्याने अर्ध्या अर्ध्या तासाने उठावे, वीस पावले चालावे, टाचा दहा-वीस वेळा उचलाव्यात. दुपारच्या सुट्टीत बांधावर आडवे होऊन पाय धान्याच्या पोत्यावर, छातीपेक्षा उंच, पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा घालाव्यात. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

लागते ती घरच्यांची आणि मुकादमाची संमती. उठून चालणाऱ्या बाईला 'कामचुकार' म्हणणे बंद झाले पाहिजे. तिचा पाय संध्याकाळी सुजतो आणि सकाळी उतरतो, म्हणून 'सकाळी तर बरी होती' असे टोमणे तिला ऐकावे लागतात. हे नाटक नाही, या दुखण्याची ती खूणच आहे.

शेवटी प्रत्येक गावच्या शाखेने तीन कामे अंगावर घ्यावीत. एक, गावात कोणाला गुठळी झाली होती, कोणाचा पाय सुजतो, कोणाच्या घोट्यावर जखम आहे, हे आशाताईंच्या मदतीने पाहून त्यांना डॉक्टरांकडे पोचवावे. दोन, आयएनआरच्या तपासणीसाठी महिन्यातला एक दिवस ठरवून सर्वांची मिळून एकच गाडी करावी, म्हणजे गाडीभाड्यापायी कोणाची गोळी सुटणार नाही. तीन, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाबाची पट्टी बांधायला शिकलेली परिचारिका आणि पुरेशी बँडेजेस असावीत, अशी लेखी मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी आणि पोच घ्यावी.

फूटवॉल बिघडला म्हणून आपण विहीर बुजवत नाही. पाइप भरून घेतो, जपून चालवतो आणि पीक काढतो. झडपा गेलेल्या पायानेही शेती करता येते, पण त्या पायाची निगा रोज राखावी लागते, आणि ती एकट्या रोग्याने नव्हे, सगळ्या घराने राखावी लागते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या गावातली यादी सोबत आणावी. पुढचे बोलणे त्या यादीवर करू.